सोंगटीला पुढे कोण ढकलते?

बल आणि गती हा विषय वर्गात सुरू होतो तेव्हा मुलांची पाटी कोरी नसते. दप्तर उचलताना, सायकल दामटताना, भरलेली बादली ओढताना, विटी टोलवताना प्रत्येक मुलाने या विषयाचे आपले एक शास्त्र आधीच बांधलेले असते. त्याचे पहिले कलम असे की वस्तू हलत असेल तर तिच्यावर त्या दिशेने जोर लागत असलाच पाहिजे, आणि जोर संपला की वस्तू थांबते. दुसरे कलम, जड वस्तू हलकीपेक्षा लवकर खाली येते. दोन्ही चुकीची आहेत, पण वेडगळ मुळीच नाहीत. पायडल मारणे सोडले की सायकल खरोखरच थांबते. नारळ धपकन पडतो आणि त्याच आवारातले पिंपळपान तरंगत येते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने जवळपास हेच म्हटले होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या जॉन फिलोपोनस या विद्वानाने त्याच्यावर शंका घेतल्या, पण या मतांची पकड पुरती सुटायला सतरावे शतक उजाडावे लागले. जे सोडायला मोठमोठ्या विचारवंतांना दोन हजार वर्षे लागली, ते नववीतल्या मुलाने पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात सोडावे अशी अपेक्षा असते. हे लक्षात घेतले तर मुलाच्या चुकीकडे रागाने पाहण्याचे कारण उरत नाही.

मराठी माध्यमाच्या वर्गात आणखी एक अडचण असते, ती शब्दांची. ‘गाडीची गती कमी कर’ असे घरात म्हणतात तेव्हा गती म्हणजे वेग. पुस्तकात मात्र गती म्हणजे वस्तूची जागा बदलत राहणे. किती झपाट्याने, याला तिथे ‘चाल’ म्हणतात, आणि दिशेसकट सांगितले तर ‘वेग’. ‘त्वरण’ हा शब्द तर पुस्तकाबाहेर कोणाच्या तोंडी नसतो. पण सर्वांत जास्त घोळ ‘बल’ या शब्दाने होतो. रोजच्या मराठीत बळ अंगात असते, मनगटात असते. ते कमावता येते, साठवता येते आणि दमल्यावर संपते. भौतिकशास्त्रातले बल कशाच्याही अंगात नसते. एका वस्तूने दुसरीला ढकलले किंवा ओढले तर ते त्या दोघींमध्ये असते आणि ढकलणे थांबले की त्याच क्षणी नाहीसे होते. हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर मांडला नाही, तर पुढे पाठ केलेले न्यूटनचे तिन्ही नियम अंगातल्या बळावरच जाऊन बसतात.

त्यावर एक साधा उपाय आहे. वर्गात कुठल्याही बलाचे नाव निघाले की लगेच विचारायचे, हे बल कोण लावते आणि कोणावर? उत्तरात दोन वस्तूंची नावे आली पाहिजेत. टेबल पुस्तकावर, पृथ्वी आंब्यावर, दोर बादलीवर. लावणारा सापडला नाही तर ते बल नाही. आकृतीतल्या प्रत्येक बाणाला ही अट घातली की मुलांच्या मनातले शास्त्र आपोआप उजेडात येते.

हे पाहायला कॅरमसारखे दुसरे साधन नाही. जेमतेम ७४ सेंटीमीटरची ती चौकोनी फळी फडक्याने कोरडी पुसून घ्यावी. मग सोंगटीला बोटाने टिचकी मारावी. सोंगटी थोडी सरकते, खरखरते आणि थांबते. आता चिमूटभर बोरिक पावडर टाकून ती हाताने सारखी पसरावी. तेवढीच टिचकी मारली की तीच सोंगटी समोरच्या कडेवर आपटून अर्ध्या वाटेने परत येते. टिचकी बदललेली नाही, सोंगटी बदललेली नाही. बदलला तो फक्त फळीचा अडवणारा हात.

त्यानंतर मुलांना सांगावे की सोंगटी फळीच्या मध्यावर असताना तिच्यावर कोणकोणती बले आहेत ती बाणांनी दाखवा. खाली जाणारा बाण पृथ्वीच्या ओढीचा, वर जाणारा फळीच्या आधाराचा, मागे जाणारा घर्षणाचा. हे तीन बरोबर असतात. पण बहुतेक वह्यांत चौथा बाण असतो, पुढे जाणारा, आणि तो सर्वांत लांब काढलेला असतो. तो कोण लावतो? ‘बोट’ असे उत्तर येते. बोट तर केव्हाच मागे राहिले. ‘मग बोटाने दिलेले बळ सोंगटीत शिरले’, असे एखादी चुणचुणीत मुलगी म्हणते, आणि नकळत फिलोपोनसच्या पंक्तीला जाऊन बसते. फेकलेल्या दगडात फेकणाऱ्याची शक्ती शिरते आणि हळूहळू सरते, अशीच त्याची कल्पना होती. ही पायरी वर्गात यावीच लागते. ती हसून उडवून लावणारा शिक्षक मोठी संधी गमावतो.

सोंगटीवर पुढच्या दिशेने एकही बल नसते. ती पुढे जाते कारण ती आधीपासून पुढे जात होती. तिला थांबवण्याचे काम फळी करते. पावडरीने ते काम कमी झाले आणि सोंगटी लांब गेली. फळी आणखी गुळगुळीत झाली तर? त्याहूनही झाली तर? गॅलिलिओने नेमका हाच धागा पकडला होता. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ सौम्य केला की तीच उंची गाठण्यासाठी तो लांबवर जातो. चढ पार काढून टाकला आणि वाट सपाट केली, तर उंची कधीच गाठली जाणार नाही आणि गोळा थांबायला कारणच उरणार नाही. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचा पहिला नियम म्हणून जे आले, त्याचे मूळ इथे आहे.

एसटीने करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात. त्यांना फेकले कोणी? पुन्हा शोधायला गेले तर कोणीच सापडत नाही. ब्रेकने बस थांबवली आणि माणसांचे पाय बसबरोबर थांबले, पण वरचे धड होते त्याच वेगाने पुढे जात राहिले. ‘जडत्व’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

पुस्तकांत सहसा आधी पहिला नियम येतो आणि घर्षण नंतर, जणू घर्षण हा एक किरकोळ अडथळा आहे. हा क्रम उलटा हवा. आपल्या भोवतालच्या जगात घर्षण नाही असा कोपराही नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच मुलांचे शास्त्र चुकते. आधी घर्षण दिसले तर पहिला नियम पटतो. नाही तर तो पाठ होतो.

घर्षणासाठी एक वीट, सुतळी आणि तानकाटा पुरतो. विटेला सुतळी बांधून तानकाट्याने हळूहळू ओढत जावे. काट्यावरचा आकडा चढत जातो आणि वीट मात्र जागची हलत नाही. ‘घर्षण आपल्यापेक्षा जास्त आहे म्हणून’, असे मुले सांगतात. पण तसे असते तर वीट उलटी सरकली असती. खरे तर जमीन विटेला तेवढेच मागे धरते, जेवढे आपण तिला पुढे ओढतो. दोन न्यूटनला दोन, पाचाला पाच. या धरण्याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की वीट एकदम सुटते आणि त्याच क्षणी काटा खाली येतो, कारण सरकत्या विटेवरचे घर्षण स्थिर विटेवरच्या कमाल घर्षणापेक्षा कमी असते. जड कपाट हलेपर्यंत घाम काढते आणि हलल्यावर त्या मानाने सोपे जाते, ते याचमुळे. आता तीच वीट रुंद बाजूवर न ठेवता अरुंद बाजूवर ठेवून ओढावी. टेकलेला भाग कमी झाला म्हणून आकडा घटेल अशी सगळ्यांची खात्री असते, पण आकडा जवळपास तोच राहतो. फ्रान्समध्ये गियोम आमोंतोंने १६९९ साली ही गोष्ट मांडली, तेव्हा तिथल्या विद्वानांचाही चटकन विश्वास बसला नव्हता.

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते, हे वाक्य गाइडांतून घोकले जाते आणि चालणाऱ्या माणसापाशी येऊन फसते. चालताना पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन घर्षणाने पायाला पुढे रेटते. घर्षणाचा विरोध असतो घसरण्याला. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय टाकला की हे पुढे रेटणारे घर्षण नसल्यावर काय होते ते कोणालाही कळते.

पडणाऱ्या वस्तूंची गोष्ट त्या मानाने लवकर सुटते. एक जाड पुस्तक आणि त्याहून लहान कागद वेगवेगळे सोडले तर कागद भिरभिरत मागे राहतो. मग कागद पुस्तकावर चपखल ठेवून पुस्तक आडवेच सोडावे. दोघे एकत्र जमिनीवर येतात. हवा अडवायची ती पुस्तकालाच अडवते, आणि कागद पुस्तकाइतक्याच लगबगीने पडतो. हाच प्रयोग २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर, जिथे हवाच नाही अशा ठिकाणी, कॅमेऱ्यासमोर केला. एका हातातून सुमारे १.३ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस त्याने एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदमच जमिनीला टेकले. हे चित्रण आज कोणत्याही मोबाइलवर दाखवता येते. ते वर्गाने आपापला अंदाज वहीत लिहिल्यानंतरच दाखवावे.

पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे सोडल्याची कथा त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून आली आहे. स्वतः गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात जे सविस्तर सांगितले आहे ते निराळे आहे. लाकडी तुळईत खोदलेली गुळगुळीत खाच, तिला आतून लावलेले चर्मपत्र, तिच्यावरून घरंगळणारा काशाचा गोळा, आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी. पडणे इतके झपाट्याचे असते की ते मोजता येत नाही, म्हणून त्याने ते उतारावर नेऊन मंद केले. समान वेळांत गोळ्याने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात आली.

हे प्रमाण कानाने ऐकवता येते. एका लांब दोऱ्यात पाच लोखंडी नट बांधावेत. पहिला दोऱ्याच्या खालच्या टोकाला आणि पुढचे त्याच्यापासून २०, ८०, १८० आणि ३२० सेंटीमीटरवर. शाळेच्या पहिल्या मजल्याच्या सज्जातून दोरा असा धरावा की खालचा नट अंगणात पालथ्या ठेवलेल्या स्टीलच्या ताटाला जेमतेम टेकेल. दोरा सोडला की टण्, टण्, टण्, टण् असे चार ठोके अगदी सारख्या अंतराने, सेकंदाच्या एकेका पाचव्या हिश्शाने ऐकू येतात. मग दुसऱ्या दोऱ्यात नट सारख्या अंतराने, दर ८० सेंटीमीटरवर बांधावेत. आता ठोके जवळजवळ येत जातात आणि शेवटी एकमेकांना चिकटतात. अंतर सारखे असेल तर ठोके विषम, आणि अंतर विषम असेल तर ठोके सारखे. पडणारी वस्तू क्षणोक्षणी वेग घेत जाते, हे यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चार-पाच मुली स्वतःहून ‘पुन्हा सोडा’ म्हणू लागतात, आणि ते पुन्हापुन्हा सोडावे.

त्या वेग घेण्यालाच त्वरण म्हणतात, आणि दुसरा नियम त्याचाच आहे. बल असेल तर वेग बदलतो, दुप्पट बलाने दुप्पट झपाट्याने बदलतो, आणि वस्तुमान दुप्पट असेल तर निम्म्याने. जड दगडावर पृथ्वीची ओढ जास्त असते, पण त्याला हलवणेही तेवढेच अवघड असते. दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडतात, म्हणून सगळ्यांचे त्वरण एकच येते, सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटर. यात मुले जिथे हमखास अडखळतात ती जागा म्हणजे वर फेकलेला चेंडू. सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग शून्य असतो, म्हणून त्वरणही शून्य, असे बहुतेकांना वाटते. तसे असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

दुसऱ्या नियमाचा रस्त्यावरचा उपयोग शाळेतच शिकवावा इतका मोलाचा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा गुणांक सुमारे ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते. वेग ८० केला तर १८ नव्हे, ३६ मीटर लागतात. चालकाला पाय ब्रेकवर नेईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी ११ आणि २२ मीटर मिळवायचे, म्हणजे २० मीटर आणि ५८ मीटर. ओल्या रस्त्यावर घर्षण निम्मे झाले तर ब्रेकचे अंतर दुप्पट होते. मोटारसायकल हातात येण्याआधीच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी हे गणित आपल्या हाताने केलेले असावे.

वजन आणि वस्तुमान यांची गल्लत बाजारात चालते, कारण तिथे दोन्ही किलोतच बोलले जाते. त्यासाठी दोन काटे समोर ठेवावेत, एक भाजीवाल्याचा दोन पारड्यांचा तराजू आणि दुसरा तानकाटा. तराजू एका बाजूच्या कांद्यांची दुसऱ्या बाजूच्या मापांशी तुलना करतो. चंद्रावर दोन्ही बाजू सारख्याच हलक्या होतील, म्हणून तिथेही तो एक किलो कांदे एक किलोच दाखवील. तानकाट्यातली स्प्रिंग मात्र पृथ्वीच्या ओढीने ताणली जाते. चंद्रावर ती सहाव्या हिश्शाइतकीच ताणली जाईल. पहिला वस्तुमान मोजतो, दुसरा वजन.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, हा समज तर शिकल्यासवरलेल्या घरांतही आढळतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. ओढ नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेले असते. आतली माणसे तरंगतात कारण ती आणि त्यांचे स्थानक बरोबरीने पडत असतात, पुस्तक आणि त्यावरचा कागद पडतात तसेच. फक्त आडवा वेग इतका असतो की पडतानाही पृथ्वीची गोलाई चुकत राहते. चंद्रही असाच पडत असतो. तो पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर आहे, म्हणून तिथली ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटींनी कमी. झाडावरचा आंबा एका सेकंदात ४.९ मीटर पडतो, त्या सेकंदात चंद्र पडतो सुमारे १.४ मिलिमीटर. आंब्याला आणि चंद्राला एकच नियम लागू करणे हे न्यूटनचे सर्वांत धाडसी पाऊल होते, आणि हा हिशेब दहावीतल्या मुलाला कागदावर करता येतो.

तिसरा नियम सगळ्यात लवकर पाठ होतो आणि सगळ्यात उशिरा कळतो. बैल गाडीला जेवढे ओढतो तेवढेच गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी चालते कशी? इथेही विचारायचे ते कोण आणि कोणावर हेच. ही दोन बले एकाच वस्तूवर नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरे बैलावर, त्यामुळे ती एकमेकांना खोडत नाहीत. गाडीपुरते पाहिले तर बैलाची पुढची ओढ चाकांच्या विरोधापेक्षा जास्त झाली की गाडी निघते. बैलापुरते पाहिले तर खूर जमिनीला मागे रेटतात आणि जमीन बैलाला पुढे रेटते, गाडी त्याला मागे खेचते त्याहून थोडे जास्त. चिखलात खूर निसटू लागले की बैल तोच, ताकद तीच, तरी गाडी रुतलेली राहते.

टेबल पुस्तकाला वर ढकलते, हेही पुष्कळांना पटत नाही, कारण निर्जीव लाकूड कसे ढकलेल? त्यासाठी पुस्तक आधी गादीवर ठेवावे. गादी दबते आणि वर रेटताना हाताला जाणवते. मग ते दोन विटांवर टेकवलेल्या पातळ फळीवर ठेवावे. फळी वाकलेली दिसते. मग जाड फळीवर आणि शेवटी टेबलावर. टेबलही वाकते, फक्त डोळ्यांना दिसत नाही इतके कमी.

हे सगळे शिकवून मुलांना किती कळते, हे तपासण्याचा गंभीर प्रयत्न १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत आकडेमोड नाही. प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तराशेजारी रोजच्या अनुभवातून सुचणारी चुकीची उत्तरे ठेवलेली आहेत. सूत्रांत आकडे घालून अचूक उत्तर काढणारे विद्यार्थी या प्रश्नांत धडाधड चुकले. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अशा प्रश्नपत्रिका दिलेल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हते त्यापैकी फक्त व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांनी सरासरी २३ टक्के कमावले, आणि जिथे मुले अंदाज बांधत, आपसात वाद घालत, प्रयोग करत शिकली तिथे ४८ टक्के. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी अशाच धर्तीचे प्रश्न आपल्या वर्गाला दिल्यावर आपल्या शिकवण्याची पद्धतच बदलली. प्रश्न मांडायचा, प्रत्येकाने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत हे अरविंद गुप्ता यांनी पुण्यातल्या आयुका या संशोधन संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रातून वर्षानुवर्षे दाखवले आहे. लागतो तो वेळ. सोंगटीच्या चौथ्या बाणावर अख्खा तास गेला तर तो वाया गेला असे शाळेने समजू नये.

धडा संपल्यावर चार-सहा महिन्यांनी, परीक्षेची धामधूम सरल्यावर, एक रुपयाचे नाणे वर उडवावे आणि ते हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावरची बले काढायला सांगावीत. हवेचा किरकोळ विरोध बाजूला ठेवला तर बाण एकच येतो, खाली जाणारा, आणि त्याच्याशेजारी लिहायचे, पृथ्वी नाण्यावर. ज्या वह्यांत अजून वर जाणारा बाण दिसेल, त्यांच्यासाठी कॅरमची फळी पुन्हा काढावी.